रेड डॉट फुटलेला दिसतो? सिलिंड्रिकल नंबर असलेल्या नेमबाजाने साइट कशी निवडावी

रेड डॉट साइटमधून, म्हणजे नेम धरण्यासाठी काचेत चमकता ठिपका दाखवणाऱ्या बंदुकीवरच्या उपकरणातून, मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ठिपका दिसलाच नाही. दिसला तो स्वल्पविराम. वर जाड डोकं, खाली डावीकडे वळलेली शेपटी आणि शेजारी दोन फिकट ठिपके. साइट खराब आहे असं समजून परत केली. बदली आली, तर तिच्यातही तोच स्वल्पविराम, शेपटीही त्याच बाजूला. दोन वेगवेगळ्या साइटमध्ये एकसारखा दोष निघाला तेव्हा कुठे माझं लक्ष स्वतःच्या डोळ्याकडे गेलं. उजव्या डोळ्याला ०.७५ सिलिंड्रिकल नंबर निघाला. वाचताना, गाडी चालवताना कधीच न जाणवलेला.

हा लेख अशाच नेमबाजांसाठी आहे. माझं म्हणणं एवढंच, की साइटवर पैसे घालण्याआधी डोळ्याचा नंबर नीट काढून घ्या, आणि मग साइट निवडताना जाहिरात बाजूला ठेवून खाली दिलेला छोटा हिशेब वापरा. त्यातून निम्मे प्रश्न सुटतात.

आधी ठरवा: दोष साइटचा की डोळ्याचा?

ही तपासणी साइट बंदुकीवरून उतरवून करा. उतरवता येत नसेल तर मॅगझिन काढा, चेंबर डोळ्यांनी पाहून आणि बोटाने चाचपून रिकामं असल्याची खात्री करा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा आणि नळी सुरक्षित दिशेलाच राहू द्या. घाईत हे टाळायचा मोह होतो म्हणून मुद्दाम आधी सांगतोय.

साइट टेबलावर स्थिर ठेवा, समोर दहा-पंधरा फुटांवर साधी भिंत असू द्या. ठिपक्याचा प्रकाश भिंतीवर जेमतेम उठून दिसेल इतकाच ठेवा. आता पुढच्या गोष्टी एकामागून एक करून पाहा.

पहिली, साइट जागच्या जागी हळूहळू फिरवा, घड्याळाच्या काट्यासारखी. ठिपक्याची शेपटी साइटबरोबर फिरली तर दोष साइटमध्ये आहे. साइट फिरली आणि शेपटी होती तिथेच राहिली तर दोष डोळ्यात आहे.

दुसरी, साइट तशीच ठेवून मान डाव्या खांद्याकडे झुकवा, मग उजव्या. मानेबरोबर शेपटीही कलली तर पुन्हा डोळाच.

तिसरी, जाड कागदाला सुईने छोटं भोक पाडा, ते डोळ्याशी धरून त्यातून ठिपका पाहा. ठिपका एकदम आवळून गोल झाला तर चष्म्याने सुटणारा दोष आहे हे जवळपास नक्की.

चौथी, मोबाइलच्या कॅमेऱ्यातून ठिपक्याचा फोटो काढा. फोटोत गोल आणि डोळ्याला फुटलेला, म्हणजे निकाल लागला. फक्त फोटो काढताना ठिपक्याची चमक कमी ठेवा, नाहीतर कॅमेऱ्यातही तो फुगलेला येतो. होलोग्राफिक साइटचा ठिपका फोटोत दाणेदार दिसतो. तो दोष नाही, त्या तंत्राचा गुणच तसा आहे.

पाचवी गोष्ट बरेच जण विसरतात. पापण्या चार-पाच वेळा उघडझाप करा. प्रत्येक वेळी ठिपक्याचा आकार बदलत असेल तर डोळ्यांचा कोरडेपणा त्यात भर घालतोय. सिलिंड्रिकल नंबरची शेपटी अशी क्षणाक्षणाला आकार बदलत नाही.

हे सगळं चष्म्याशिवाय एकदा आणि चष्मा घालून एकदा करा. चष्मा असूनही शेपटी राहत असेल तर बहुतेक वेळा चष्म्यात सिलिंड्रिकल नंबर घातलेलाच नसतो, कमी घातलेला असतो, किंवा तो नंबर जुना झालेला असतो.

शेपटी किती लांब होते, याचा हिशेब

डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, सगळीकडून सारखा वळलेला असेल तर बिंदूचा बिंदूच उमटतो. अ‍ॅस्टिग्मॅटिझममध्ये (सिलिंड्रिकल नंबर याच दोषाचा असतो) तो एका दिशेला जास्त आणि तिच्या काटकोनातल्या दिशेला कमी वळलेला असतो. चेंडूच्या आणि अंड्याच्या कुशीच्या वळणात जो फरक असतो, तसाच हा. कधी कधी हा दोष कॉर्नियामागच्या नैसर्गिक भिंगातही असतो. मग एका दिशेचा प्रकाश दृष्टिपटलावर बरोबर जुळतो, दुसऱ्या दिशेचा आधी किंवा नंतर जुळतो आणि बिंदूची रेघ होते.

ही रेघ किती लांब होईल ते ढोबळपणे सांगता येतं. बाहुलीचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याला न भरून काढलेल्या सिलिंड्रिकल नंबरने गुणा आणि आलेल्या उत्तराला ३.४ ने गुणा. रेघेची लांबी एमओएमध्ये मिळते. एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग, १०० मीटरवर साधारण २.९ सेंटिमीटर.

उदाहरण घ्या. बाहुली ४ मिमी, नंबर फक्त ०.५०. रेघ जवळपास ७ एमओए. दुकानात २ एमओएचा बारीक ठिपका म्हणून घेतलेली साइट या डोळ्याला ७ एमओएची रेघ दाखवणार. २५ मीटरवर २ एमओए म्हणजे दीड सेंटिमीटर आणि ७ एमओए म्हणजे पाच सेंटिमीटर. संध्याकाळी बाहुली ६ मिमी झाली की तीच रेघ १० एमओएवर जाते. नंबर १.०० असेल तर हे सगळे आकडे दुप्पट धरा.

हे सूत्र समजलं की उपाय आपोआप दिसू लागतात. नंबर चष्म्याने भरून काढा, म्हणजे गुणाकारातला एक आकडा शून्याजवळ जातो. किंवा बाहुलीपुढे छोटं भोक ठेवा, म्हणजे दुसरा आकडा लहान होतो. किंवा मोठं करून दाखवणारी दुर्बीण वापरा. चार पटीच्या दुर्बिणीत डोळ्यातली रेघ तेवढीच राहते, पण लक्ष्य चौपट मोठं झाल्यामुळे लक्ष्याच्या मानाने रेघ चौथाई होते. बाजारातली प्रत्येक साइट या तीनपैकी एखादी वाट धरते, किंवा एकही धरत नाही. रेड डॉट यातली एकही धरत नाही, म्हणून तक्रारी सगळ्यांत जास्त तिथेच.

पहिली पायरी: नेमबाजीसाठी वेगळा चष्मा

चष्म्याच्या चिठ्ठीवर तीन आकडे असतात. पहिला स्फेरिकल (सगळ्या दिशांना सारखा), दुसरा सिलिंड्रिकल (एकाच दिशेचा), तिसरा अ‍ॅक्सिस, म्हणजे दिशा, १ ते १८० अंशांत. ९० म्हणजे उभी, १८० म्हणजे आडवी. साइट निवडताना दुसरा आणि तिसरा आकडा तोंडपाठ असू द्या.

डोळे तपासायला जाताना ऑप्टोमेट्रिस्टला स्पष्ट सांगा, की मला नेम धरणाऱ्या डोळ्याचा सिलिंड्रिकल नंबर पूर्ण हवा आहे, ०.५० असला तरीही. रोजच्या वापरात एवढा नंबर सोडून देण्याची पद्धत आहे आणि रोजच्या वापरासाठी ती ठीकही आहे. पण अंधाऱ्या पार्श्वभूमीवरचा चमकता बारीक ठिपका ही डोळ्याची फार कडक परीक्षा असते. तिथे ०.५० सुद्धा दिसतो.

अ‍ॅक्सिसबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण इथेच चांगले चष्मे वाया जातात. काच ठरलेल्या दिशेपासून १० अंश फिरलेली असेल तर जवळपास एकतृतीयांश दोष तसाच शिल्लक राहतो. ३० अंश फिरली तर चष्मा घालून आणि न घालून सिलिंड्रिकल दोष सारखाच उरतो, फक्त दिशा बदलते. एकाच डोळ्यापुढे गोल काच बसवायच्या नेमबाजीच्या फ्रेममध्ये काच पुसताना सहज फिरते. माझ्या काचेच्या कडेला आणि फ्रेमवर मी बारीक कायम शाईची खूण केली आहे. दोन खुणा जुळल्याशिवाय मी पहिली गोळी झाडत नाही.

तिरकेपणाही तितकाच महत्त्वाचा. रायफलला गाल टेकवला की नजर काचेच्या मधून जात नाही, वरच्या आतल्या कोपऱ्यातून तिरकी जाते. तिरक्या काचेतून पाहिलं की काच स्वतःच नवा अ‍ॅस्टिग्मॅटिझम तयार करते, मग तिच्यात नंबर कितीही बरोबर घातलेला असो. म्हणून नेमबाजीच्या फ्रेममध्ये काच वर, खाली, आत, बाहेर सरकवण्याची सोय असते. खऱ्या पवित्र्यात, खऱ्या बंदुकीसह बसून काच नजरेला काटकोनात येईपर्यंत जुळवा. हे काम एकट्याने नीट होत नाही, बाजूने पाहायला एक माणूस लागतो.

प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल चष्मा रेंजवर टाळा. ठिपका शोधायला हनुवटी वर-खाली करावी लागते आणि प्रत्येक वेळी काचेचा वेगळाच भाग डोळ्यापुढे येतो. एकाच नंबरची काच घ्या. तयार मिळणारे वाचायचे चष्मे तर या कामाचे नाहीतच, त्यांत सिलिंड्रिकल नंबर नसतोच.

कोणत्या अंतराचा नंबर घ्यायचा, हे साइटवर ठरतं. रेड डॉट आणि होलोग्राफिक साइटचा ठिपका खूप दूर असल्यासारखा दिसतो, तिथे लांबचा नंबर अधिक पूर्ण सिलिंड्रिकल. उघड्या लोखंडी साइटसाठी लांबच्या नंबरात थोडी अधिकची भर घालतात. फ्रंट साइट, म्हणजे नळीच्या टोकाजवळची काठी, डोळ्यापासून १ मीटरवर असेल तर साधारण ०.५०, पिस्तुलाची पाऊण मीटरवर असेल तर ०.७५. एवढ्या भरीने फ्रंट साइट रेखीव दिसते आणि लक्ष्यही अगदीच विरघळून जात नाही. दुर्बिणीसाठी पुन्हा लांबचा नंबर.

कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर टोरिक, म्हणजे सिलिंड्रिकल नंबर घातलेली, लेन्स लागते, साधी नाही. बहुतेक सॉफ्ट टोरिक लेन्स ०.७५ सिलिंड्रिकलपासून मिळतात, त्याखालच्या नंबराला चष्माच बरा. टोरिक लेन्सचा मोठा फायदा म्हणजे ती डोळ्याबरोबर फिरते, त्यामुळे तिरक्या नजरेची अडचण येत नाही. तोटा म्हणजे ती डोळ्यावर थोडी सरकू शकते, आणि सरकली की अ‍ॅक्सिस बिघडतो. झोपून गोळीबार करणाऱ्यांनी पवित्रा घेतल्यावर थोडा वेळ उघडझाप करून ठिपका स्थिर होतोय का ते पाहावं. लेन्स असली तरी वर संरक्षक चष्मा हवाच.

बऱ्याच जणांचा प्रवास इथेच संपतो. योग्य चष्मा घातल्यावर माझा स्वल्पविराम पूर्ण गेला नाही, पण शेपटी तुटली आणि ठिपका किंचित लांबट उरला. त्यावर नेम धरता येतो.

दुसरी पायरी: तुमच्या रेघेची दिशा ओळखा

कागदावर घड्याळाची तबकडी काढा आणि मध्यापासून बाराही आकड्यांकडे सारख्या जाडीच्या काळ्या रेघा ओढा. भिंतीवर लावा, पाच-सहा मीटर मागे जा, नेमाच्या एका डोळ्याने पाहा. अ‍ॅस्टिग्मॅटिझम असेल तर काही रेघा गडद आणि काही करड्या, विरलेल्या दिसतील. ज्या दिशेची रेघ सर्वांत गडद, त्याच दिशेला तुमच्या ठिपक्याची शेपटी ओढली जाते.

याचा उपयोग असा. बारा-सहाची उभी रेघ गडद आणि तीन-नऊची आडवी विरलेली असेल तर उघड्या साइटमध्ये फ्रंट साइटचा वरचा काठ धूसर होणार आणि गोळ्या वर-खाली पसरणार. आडवी रेघ गडद आणि उभी विरलेली असेल तर फ्रंट साइटच्या दोन्ही बाजूंच्या उजेडाच्या फटी भरून गेल्यासारख्या दिसणार आणि गोळ्या डावी-उजवीकडे जाणार. टार्गेटवरचा पसारा आणि तबकडीवरच्या रेघा एकमेकांशेजारी ठेवून पाहा. ट्रिगरची चूक समजून महिनोन्महिने सराव केलेला पसारा कधी कधी डोळ्याचा निघतो.

आता साइट, एकेक करून

*उघडी लोखंडी साइट.* मागे खाच, पुढे काठी. अ‍ॅस्टिग्मॅटिझमवर तिच्याकडे स्वतःचा काही इलाज नाही, पण ती चमकतही नाही. चष्मा बरोबर असेल तर अगदी चालते. फ्रंट साइट रुंद आणि खाच त्याहून रुंद घ्या, म्हणजे काठ धूसर झाला तरी दोन्ही बाजूंना उजेड शिल्लक राहील. फायबर ऑप्टिक किंवा ट्रिटियमचा चमकणारा ठिपका असलेली फ्रंट साइट घेताना सावध राहा, तीही रेड डॉटसारखीच फुटते. काळी, खरखरीत, न चमकणारी काठी आपल्याला जास्त मानवते. आयएसएसएफ या आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या पिस्तूल स्पर्धांत उघडी साइटच चालते आणि पिस्तुलावर नंबरची काच लावता येत नाही, त्यामुळे तिथे सगळी भिस्त नेमबाजाच्या चष्म्यावर.

*पीप साइट.* मागे बारीक छिद्र, पुढे काठी किंवा कडी. आपल्यासारख्यांसाठी बॅटरीशिवायचा सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत भरवशाचा उपाय हाच. छिद्र बाहुलीपेक्षा लहान असेल तर गुणाकारातला बाहुलीचा आकडा सरळ कमी होतो. ४ मिमीच्या बाहुलीपुढे १ मिमीचं छिद्र ठेवलं की रेघ चौथाईवर येते. एअर रायफलच्या नेमबाजांची मागची आयरिस, म्हणजे लहान-मोठं करता येणारं छिद्र, साधारण १ मिमीच्या आसपास राहते, त्यामागे हेही एक कारण आहे.

पण छिद्र आणखी बारीक करत गेलात तर फायदा उलटतो. व्यास निम्मा केला की उजेड चौथाई होतो, आणि १ मिमीच्या खाली प्रकाश छिद्राच्या कडांवरून वाकून स्वतःच धूसरपणा आणतो. आयरिस फिरवत जा, चित्र सर्वांत रेखीव दिसेल तिथे थांबा, मग एक खाच मोठी करा. ढग आले की पुन्हा जुळवा.

ज्या रायफलींच्या पीप साइटमध्ये दोन छिद्रं असतात, तिथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. एआर-१५च्या ए२ साइटमध्ये लहान छिद्र सुमारे १.८ मिमी आणि मोठं ५ मिमी आहे. भर उन्हात बाहुली ५ मिमीहून लहानच असते, म्हणजे मोठ्या छिद्राने अ‍ॅस्टिग्मॅटिझमला काहीच फरक पडत नाही. आपल्यासाठी लहान छिद्र.

*रेड डॉट.* यात एक छोटा एलईडी दिवा आणि त्याच्या विशिष्ट रंगाचा प्रकाश परत फिरवणारी काच असते. अशी पहिली इलेक्ट्रॉनिक साइट स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने १९७५ मध्ये आणली. दोन्ही डोळे उघडे ठेवता येतात आणि एकाच अंतरावर नजर ठेवावी लागते, म्हणून चाळिशीनंतर ती फार सोयीची. पण तिचा ठिपका म्हणजे अंधारातला लुकलुकता बिंदू, आणि बिंदूच आपल्याला सर्वांत जास्त फुटलेला दिसतो.

तरीही घ्यायची असेल तर या गोष्टी पाहा. चमक हाताने कमी-जास्त करता यायला हवी आणि खालच्या पायऱ्या भरपूर हव्यात. स्वतःहून चमक ठरवणाऱ्या साइट आपल्याला गरजेपेक्षा जास्त उजेड देतात. ठिपका फार बारीक घेऊ नका. २ एमओएचा ठिपका जोरात पेटवण्यापेक्षा ६ एमओएचा मंद पेटवलेला ठिपका जास्त एकसंध दिसतो. ठिपक्याभोवती मोठी कडी असेल तर आणखी बरं, मधला ठिपका फुटला तरी कडीचं केंद्र नजर बरोबर पकडते. वापरताना नजर ठिपक्यावर न ठेवता लक्ष्यावर ठेवा. ठिपक्याकडे टक लावून पाहिलं की शेपटीच दिसत राहते.

हिरवा ठिपका घ्या, असा सल्ला सर्रास मिळतो. त्याची खरी बाजू अशी, की डोळ्यात लाल प्रकाश हिरव्यापेक्षा किंचित मागे जुळतो. चष्म्याचा नंबर काढताना लाल-हिरव्या पाटीवरची अक्षरं दाखवतात ती याच फरकावर. त्यामुळे तुमच्या स्फेरिकल नंबरात थोडी चूक उरली असेल तर एक रंग दुसऱ्यापेक्षा स्वच्छ दिसेल. कुणाला हिरवा, कुणाला लाल. पण सिलिंड्रिकल दोष रंग बदलून जात नाही. दोन्ही रंग स्वतः पाहा, ऐकीव गोष्टीवर हिरवा घेऊ नका.

रायफलवर उघडता-मिटता येणारी पीप साइट मागे लावता येत असेल तर जरूर लावा. तिच्या छिद्रातून रेड डॉट पाहिला की ठिपका तिथल्या तिथे गोळा होतो. वेगाने नेम धरताना छिद्र खाली आणि दूरच्या लक्ष्याला छिद्र वर, अशी विभागणी मला आवडते.

*होलोग्राफिक.* इथे लेझरच्या प्रकाशाने काचेत साठवलेली आकृती उभी केली जाते. इओटेक कंपनीच्या साइटची नेहमीची आकृती म्हणजे ६८ एमओएची कडी आणि मध्ये १ एमओएचा ठिपका. काहींना ही रेड डॉटपेक्षा खूप स्वच्छ दिसते, काहींना तितकीच फुटलेली. मला कडी चांगली दिसते आणि ठिपका किंचित फुगलेला. अ‍ॅस्टिग्मॅटिझमवरचा खात्रीचा इलाज म्हणून ती विकली जाते ते मला पटत नाही, कारण डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाला तोच वाकडा कॉर्निया भेटतो. फायदा होतो तो मुख्यतः मोठ्या कडीमुळे. बॅटरीचा खर्चही धरा. चांगल्या रेड डॉटची बॅटरी वर्षानुवर्षं जाते, होलोग्राफिकची शेकडो ते हजार-दोन हजार तासांत संपते.

*प्रिझम साइट.* काचेवर कोरलेली रेटिकल, म्हणजे नेम धरायची आकृती, आतून प्रिझम, मागे फिरवता येणारा आयपीस, म्हणजे डोळ्याकडची काच. बॅटरी संपली तरी काळी रेटिकल दिसते. इथे फरक पडतो तो दोन कारणांनी. काळी रेघ उजेड फेकत नाही, त्यामुळे ती धूसर झाली तरी तिला तळपती शेपटी फुटत नाही. शिवाय आयपीस फिरवून स्फेरिकल चूक भरून काढता येते. सिलिंड्रिकल चूक मात्र आयपीसने भरत नाही. एक पटीच्या प्रिझममध्ये रेटिकलचा एक भाग रेखीव आणि दुसरा मऊ दिसला तर साइट खराब आहे असं समजू नका.

आयपीस जुळवताना हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येतं. साइट कोऱ्या भिंतीकडे किंवा आकाशाच्या मोकळ्या भागाकडे धरा, सूर्याच्या दिशेला कधीही नाही. दोन सेकंद पाहा, नजर काढा, आयपीस थोडा फिरवा, पुन्हा पाहा. एका जागी उभी रेघ धारदार होईल आणि आडवी मऊ राहील, आणखी थोडं फिरवलं की आडवी धारदार आणि उभी मऊ. या दोन जागांमधलं अंतर म्हणजेच तुमचा अ‍ॅस्टिग्मॅटिझम. चष्म्याशिवाय वापरायची असेल तर दोन्हींच्या मधोमध थांबा. अंतर मोठं असेल तर चष्मा घालून पुन्हा जुळवा, दोन्ही जागा जवळ येतात.

तीन पटीचा प्रिझम रेघ एकतृतीयांश करतो. बैठ्या नेमबाजीसाठी आणि मध्यम अंतरासाठी मी बहुतेकांना हाच सुचवतो. अडचण डोळ्यापासूनच्या अंतराची. अनेक प्रिझममध्ये डोळा सात-आठ सेंटिमीटरच्या आसपासच ठेवावा लागतो आणि एसीओजी ४ बाय ३२ या प्रिझम साइटमध्ये तर ३८ मिमीवर. चष्मा वापरणाऱ्याने हे अंतर विकत घेण्याआधी चष्म्यासकट तपासावं, धक्क्याने आयपीस काचेवर आदळता कामा नये. पिस्तुलाला प्रिझम याच कारणाने गैरसोयीचा.

*कमी-जास्त पटीची दुर्बीण.* १-६ किंवा १-८ पटीची. सर्वांत जास्त आराम इथे मिळतो, कारण दोन उपाय एकत्र येतात. ६ पटीवर २४ मिमीच्या पुढच्या काचेतून डोळ्यात येणारी प्रकाशाची शलाका ४ मिमीची असते, म्हणजे संध्याकाळी बाहुली पसरली तरी धूसरपणा त्या शलाकेपुरताच. आणि वर सहा पटींचा भागाकार. ०.७५ नंबरला उघड्या डोळ्याने ४ मिमी बाहुलीत १० एमओएची रेघ पडते, तीच इथे लक्ष्याच्या मानाने १.७ एमओए. डोळ्यापासूनचं अंतर साधारण ९ ते १० सेंटिमीटर, चष्म्याला पुरेसं. एक पटीवर मात्र हा फायदा नाहीसा होतो, आणि रेटिकलचा दिवा मोठा केला की ठिपका पुन्हा फुटतो. दिवसा दिवा बंदच ठेवा. बाकी वजन आणि किंमत जास्त, ते ज्याचं त्याने ठरवावं.

रेड डॉट आधीच घेऊन बसला असाल तर मागे तीन पटीचा मॅग्निफायर लावून पाहा. ठिपका तिप्पट मोठा होतो पण शेपटी तेवढीच राहते, त्यामुळे ठिपका पुन्हा ठिपक्यासारखा दिसतो.

विकत घेण्याआधी आणि घेतल्यावर

दुकानाच्या ट्यूबलाइटखाली पाहून साइट घेऊ नका. तोच चष्मा घालून, भर उन्हात एकदा आणि दिवस मावळताना एकदा पाहा. बाहुली मोठी झाल्यावर शेपटी किती वाढते हे तेव्हाच कळतं. दोन्ही डोळ्यांनी वेगवेगळं पाहा. ओळखीच्या नेमबाजाची साइट रेंजवर पाचच मिनिटं उसनी मिळाली तरी तेवढ्यात चित्र स्पष्ट होतं. तुमच्या क्रीडाप्रकाराचे नियम आधी वाचा. आयएसएसएफच्या १० आणि ५० मीटर रायफलला दुर्बीण चालत नाही, तर आयपीएससी या वेगवान प्रात्यक्षिक नेमबाजीच्या प्रकारात ऑप्टिक्ससाठी वेगळे विभाग आहेत.

झिरो करताना, म्हणजे नेम आणि गोळी एकाच जागी जुळवताना, ज्या चष्म्याने नेम धरणार त्याच चष्म्याने करा आणि चमकही नेहमीचीच ठेवा. फुटलेल्या ठिपक्यात आपण नकळत सर्वांत तेजस्वी भागाला केंद्र मानतो. चमक वाढली किंवा चष्मा बदलला की तो भाग सरकतो आणि गोळ्याही सरकल्यासारख्या वाटतात. नवा चष्मा आला की पाच-पाच गोळ्यांचे दोन गट झाडून झिरो पुन्हा तपासा. मान कलली की शेपटीही कलते, म्हणून गाल प्रत्येक वेळी त्याच जागी टेकला पाहिजे.

शेवटी डोळ्यांबद्दल. सिलिंड्रिकल नंबर थोड्या काळात झपाट्याने बदलत असेल, चष्मा पूर्ण नंबराचा असूनही ठिपक्याला दोन-तीन सावल्या दिसत असतील, किंवा रात्री सगळ्याच दिव्यांभोवती अचानक झळाळी दिसू लागली असेल, तर साइट बदलायच्या मागे लागू नका, नेत्रतज्ज्ञाकडे जा. केराटोकोनसमध्ये कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो आणि तो दोष साध्या चष्म्याने पुरता भरत नाही, त्याला अनेकदा कडक कॉन्टॅक्ट लेन्स लागते. मोतीबिंदूची सुरुवातही अशीच दिव्यांभोवतीच्या झळाळीने होऊ शकते. तपासणीला जाताना ठिपका कसा दिसतो त्याचं चित्र कागदावर काढून न्या, शेपटीची दिशा आणि कुठल्या डोळ्याने पाहिलं ते लिहून. डॉक्टरांना त्याचा खरंच उपयोग होतो.